'द हाउस ऑफ मर्थ' : उच्चभ्रू समाजातील वर्गरचना आणि नाकारलेले श्रम

सारांश :
अमेरिकन कादंबरीकार एडिथ व्हार्टन यांच्या 'द हाउस ऑफ मर्थ' (१९०५) या कादंबरीचा विचार बहुधा स्त्रीच्या शोकांतिकेच्या किंवा विवाहाच्या बाजाराच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात ही कादंबरी वर्गरचनेच्या अंगाने तपासली आहे. नायिका लिली बार्ट ही उच्चभ्रू समाजाची सदस्य असल्याचे भासत असले तरी तिचे त्या समाजातील प्रत्यक्ष स्थान सेवा पुरविणाऱ्या व्यक्तीचे आहे. मात्र तिच्या सेवेला श्रम म्हणण्यास तो समाज व ती स्वतः दोघेही तयार नाहीत. या नकारावरच तेथील वर्गसीमा टिकून आहे, अशी या लेखाची मांडणी आहे. त्याचबरोबर श्रमिक स्त्रियांच्या चित्रणात कादंबरीला पडलेल्या मर्यादांचाही येथे विचार केला आहे.

बीजशब्द : उच्चभ्रू समाज, वर्गसीमा, श्रम, फुरसत, ऋण, प्रतिष्ठा.

प्रस्तावना :
एडिथ व्हार्टन यांचा जन्म १८६२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका जुन्या, प्रतिष्ठित घराण्यात झाला. माहेरच्या त्या जोन्स. ज्या समाजाचे चित्रण त्यांनी आयुष्यभर केले त्या समाजातच त्या वाढल्या होत्या. 'द हाउस ऑफ मर्थ' ही कादंबरी १९०५ मध्ये प्रथम 'स्क्रिब्नर्स मॅगझिन'मधून क्रमशः व त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि थोड्याच महिन्यांत तिच्या एक लाखाहून अधिक प्रती छापल्या गेल्या. कादंबरीचे शीर्षक बायबलच्या जुन्या करारातील 'उपदेशक' या पुस्तकातून घेतले आहे. शोकाचे घर आणि मौजेचे घर यांची तुलना करणाऱ्या वचनातील दुसरे घर लेखिकेने आपल्या विषयासाठी निवडले, यातच तिचा दृष्टिकोन स्पष्ट होतो. १९३४ च्या आपल्या आत्मकथनात या कादंबरीविषयी लिहिताना व्हार्टन यांनी असा विचार मांडला आहे की, उथळ समाजाला साहित्यात महत्त्व यायचे असेल तर तो समाज आपल्या उथळपणापायी कशाचा नाश करतो हे दाखवावे लागते.

नाश कोणाचा होतो, या प्रश्नाचे सर्वसामान्य उत्तर 'लिली बार्टचा' असे दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते पुरेसे नाही. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात लॉरेन्स सेल्डन हा तरुण वकील लिलीच्या सौंदर्याकडे पाहत असताना त्याच्या मनात एक अस्पष्ट विचार येऊन जातो : अशी एक व्यक्ती घडविण्यासाठी कितीतरी सामान्य, कुरूप माणसांचा कोणत्यातरी अज्ञात मार्गाने बळी गेला असला पाहिजे. सेल्डन हा विचार पुढे नेत नाही. तथापि, कादंबरीने तो पुढे नेला आहे काय, आणि नेला असल्यास कुठपर्यंत, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अमेरिकेतील यादवी युद्धानंतर (१८६१-१८६५) रेल्वे, पोलाद, खाणी आणि शेअर बाजार यांतून अभूतपूर्व संपत्ती निर्माण झाली. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांच्या १८७३ मधील कादंबरीच्या नावावरून या कालखंडाला पुढे 'गिल्डेड एज', म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले युग, असे नाव पडले. न्यूयॉर्कमधील जुनी डच व इंग्रज घराणी जमीनजुमला, व्यापार आणि वंशपरंपरा यांच्या बळावर समाजाचे नेतृत्व करीत होती. नवश्रीमंतांची संपत्ती त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक होती. मात्र त्यांना निमंत्रण नव्हते.

हा संघर्ष नाट्यगृहातील आसनांपर्यंत पोहोचला होता. 'अॅकॅडमी ऑफ म्युझिक' या ऑपेरागृहातील मोजक्या खासगी कक्षांवर जुन्या घराण्यांचा ताबा असल्याने नवश्रीमंतांनी आपले स्वतंत्र 'मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस' उभारले व ते १८८३ मध्ये सुरू झाले. मिसेस कॅरोलिन अॅस्टर यांच्या दरबाराचे सूत्रधार वॉर्ड मॅक्अॅलिस्टर यांनी न्यूयॉर्कच्या खऱ्या प्रतिष्ठित समाजाची संख्या चारशेच्या आसपास ठरविली आणि १८९२ मध्ये त्यांची यादीही वृत्तपत्रातून जाहीर झाली. प्रतिष्ठेची यादी छापावी लागणे हे ती प्रतिष्ठा डळमळीत झाल्याचेच लक्षण मानावे लागते. याच शहरातील चाळवजा इमारतींमध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या स्थलांतरित कामगारांचे जीवन जेकब रीस यांनी १८९० मध्ये छायाचित्रांसह पुस्तकरूपाने लोकांपुढे आणले होते. मेजवान्यांची न्यूयॉर्क आणि चाळींची न्यूयॉर्क यांत अंतर फार नव्हते. मात्र एकीने दुसरीकडे न पाहण्याची सवय लावून घेतली होती.

अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' (१८९९) या ग्रंथात या वर्गाचे विश्लेषण केले. संपत्ती नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते. त्यासाठी उपभोग आणि फुरसत यांचे प्रदर्शन मांडावे लागते. व्हेब्लेन यांचे एक निरीक्षण येथे विशेष उपयुक्त आहे. घरातील स्त्री आणि गणवेषधारी नोकर हे दोघेही यजमानाच्या वतीने फुरसत व उपभोग दाखवीत असतात. त्या अर्थाने त्यांचे कार्य एकाच जातीचे आहे. व्हार्टन यांच्या कादंबरीत हे निरीक्षण कथारूप घेते.

लिली बार्टचे काम :
कादंबरीच्या आरंभी लिली एकोणतीस वर्षांची व अविवाहित आहे. वडिलांचे दिवाळे निघाले व त्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. कळकट, काटकसरीच्या जगण्याची किळस बाळगणारी आईही पुढे गेली. आता ती पाचव्या अॅव्हेन्यूवरील मावशी-आत्यांच्या पिढीतील नातलग मिसेस पेनिस्टन यांच्या आश्रयाला आहे. तिच्याजवळ भांडवल म्हणावे असे एकच, ते म्हणजे सौंदर्य आणि ते वापरण्याचे शिक्षण.

ट्रेनॉर दांपत्याच्या 'बेलोमाँट' या ग्रामीण प्रासादात लिली पाहुणी म्हणून जाते. तेथील तिच्या दिनक्रमाकडे बारकाईने पाहिल्यास 'पाहुणी' या शब्दाचा अर्थ बदलू लागतो. यजमानीण ज्युडी ट्रेनॉर हिची लेखनिक रजेवर गेल्याने निमंत्रणपत्रे आणि जेवणाच्या टेबलावरील नावांच्या चिठ्ठ्या लिहिण्यासाठी लिलीला सकाळीच बोलावणे येते. रात्री पैसे लावून ब्रिज खेळणे तिला परवडत नाही, पण नकार देता येत नाही. कारण पाहुणचाराची परतफेड करण्याची ती एक अलिखित रीत आहे. एका रात्रीत ती तीनशे डॉलर गमावते. नोकरांना बक्षिसी द्यावी लागते, प्रत्येक प्रसंगाला नवे कपडे लागतात आणि कंटाळवाण्या पाहुण्यांना रमवावे लागते. या सर्वांचा हिशेब मांडल्यास असे दिसते की, लिली तेथे राहण्यासाठी काम करते आणि त्या कामाचे पैसे मिळण्याऐवजी तिलाच ते भरावे लागतात.

ही स्थिती नोकराच्या स्थितीहून एका बाबतीत अधिक अवघड आहे. नोकराचे काम ठरलेले असते व त्याचे वेतनही ठरलेले असते. लिलीचे काम मैत्रीच्या नावाखाली चालते, म्हणून त्याला मर्यादा नाही आणि मोलही नाही. गस ट्रेनॉर तिचे पैसे शेअर बाजारात गुंतवून देण्याचे कबूल करतो आणि वेळोवेळी मिळून सुमारे नऊ हजार डॉलर तिच्या हाती ठेवतो. हा आपल्याच पैशावरील नफा आहे, असे लिली मानते. प्रत्यक्षात तो त्याने स्वतःच्या खिशातून दिलेला पैसा असतो आणि योग्य वेळी तो परतावा मागतो. त्याच्या लेखी हा व्यवहार सरळ आहे. लिलीला धक्का बसतो तो केवळ त्याच्या असभ्यपणाचा नव्हे. आपण इतके दिवस एका व्यवहारातील वस्तू होतो, हे तिला त्या रात्री प्रथमच कळते.

कॅरी फिशर या घटस्फोटित स्त्रीचे पात्र येथे तुलनेसाठी महत्त्वाचे ठरते. नवश्रीमंत कुटुंबांना समाजात प्रवेश मिळवून देणे हा तिचा जवळजवळ व्यवसायच आहे आणि तो व्यवसाय आहे हे ती मनोमन जाणते. त्यामुळे ती तरते. लिलीजवळ कॅरीपेक्षा अधिक गुण आहेत, परंतु आपल्या कामाला काम म्हणण्याची तयारी नाही. वर्गाचा अभिमान तिला जगण्याच्या कौशल्यापासून दूर ठेवतो, हे लेखिकेने या दोन पात्रांच्या मांडणीतून सूचित केले आहे.

जिन्यावरील स्त्री :
सेल्डनच्या खोलीवर चहा घेऊन उतरत असताना लिलीला जिना पुसणारी एक मोलकरीण भेटते. बादली आणि ओला जिना यांमुळे लिलीला घागरा सावरून जावे लागते. ती बाई तिच्याकडे टक लावून पाहते. त्या नजरेने लिली अस्वस्थ होते. पण ती लगेच स्वतःची समजूत घालते. एका मोलकरणीच्या नजरेची दखल घेण्याचे कारण नाही, हा तिच्या वर्गाने तिला दिलेला संस्कार होय.

पुढे हीच स्त्री, मिसेस हॅफेन, मिसेस पेनिस्टन यांच्या घराच्या साफसफाईत जिन्यावर पुन्हा दिसते आणि काही दिवसांनी पत्रांचे एक पुडके घेऊन लिलीकडे येते. तिच्या नवऱ्याचे काम सुटलेले आहे आणि घरात पैसा नाही. ही पत्रे बर्था डॉर्सेट या विवाहित, श्रीमंत स्त्रीने सेल्डनला लिहिलेली प्रेमपत्रे असतात. सेल्डनने फाडून टाकलेले कागद हॅफेनने त्याच्या खोलीची झाडलोट करताना गोळा करून जुळविलेले असतात. जिन्यात पाहिलेली स्त्रीच पत्रलेखिका असावी असा तिचा समज असतो.

हा प्रसंग केवळ कथानकाला कलाटणी देणारी युक्ती म्हणून वाचला जाण्याचा धोका आहे. त्याचा वर्गीय आशय त्याहून खोल आहे. वरच्या वर्गाची सर्व गुपिते खालच्या वर्गाच्या हातून जात असतात, कारण त्यांचा केरकचरा काढणारे हात तेच आहेत. सेल्डन पत्रे फाडून टोपलीत टाकतो आणि ती नाहीशी झाली असे गृहीत धरतो. टोपली रिकामी करणारी व्यक्ती त्याच्या हिशेबातच नसते. हॅफेनला मात्र कागदांची किंमत ठाऊक आहे आणि ती घासाघीस करूनच ती वसूल करते. नैतिकदृष्ट्या तिचे कृत्य निंद्य असले तरी कादंबरीतील स्वतःचा भाव स्पष्टपणे सांगणारी ती पहिली स्त्री आहे. लिली ती पत्रे विकत घेते, जाळण्याचे मनात आणते आणि ठेवून देते. संपूर्ण दुसऱ्या भागात तिच्या सुटकेचे एकमेव साधन म्हणून ती पत्रे तिच्याजवळ राहतात. उच्चभ्रू समाजाच्या नायिकेचे भवितव्य एका मोलकरणीच्या श्रमातून आलेल्या ज्ञानावर अवलंबून राहावे, ही बाब लक्षणीय आहे.

उंबरठ्यावरील रोझडेल :
सायमन रोझडेल हा ज्यू व्यावसायिक या समाजाच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याच्याजवळ पैसा आहे, चिकाटी आहे आणि कोणाशी ओळख असल्याने किती लाभ होईल याचे अचूक गणित आहे. शेअर बाजाराच्या दृष्टीने एक वाईट हंगाम येतो. जुन्या कुटुंबांचे नुकसान होते आणि रोझडेल व वेलिंग्टन ब्राय यांच्यासारख्यांची संपत्ती मात्र वाढते. त्याबरोबर कालपर्यंत बंद असलेली दारे किलकिली होऊ लागतात. वर्गसीमेचे रक्षण रक्ताच्या आणि संस्कारांच्या भाषेत केले जाते, परंतु ती शिथिल होते ती बाजारभावाप्रमाणे, हे व्हार्टन यांनी अचूक टिपले आहे.

येथे कादंबरीचा एक गंभीर दोष नोंदविणे आवश्यक ठरते. रोझडेलच्या सुरुवातीच्या वर्णनांत ज्यू समाजाविषयीचे तत्कालीन पूर्वग्रह निवेदकाच्या तोंडून येतात. ते केवळ पात्रांच्या तोंडी घातलेले नाहीत. वंश म्हणून काही स्वभावधर्म त्याला चिकटविले जातात. ज्या समाजाच्या संकुचितपणावर लेखिका टीका करते त्याच समाजाचा चष्मा तिच्याही डोळ्यांवर आहे, असे म्हणणे भाग आहे. तथापि, कथानक पुढे सरकते तसे हे पात्र त्या वर्णनाच्या चौकटीत मावेनासे होते. लिलीला जगाने वाळीत टाकल्यावर तिच्या गरीब वसतिगृहात येऊन तिची विचारपूस करणारा आणि ट्रेनॉरचे ऋण फेडण्यासाठी सरळ व्यवहार म्हणून कर्ज देऊ करणारा पुरुष रोझडेलच असतो. तो लग्नाचा प्रस्तावही ठेवतो. पण त्याची अट अशी की, लिलीने त्या पत्रांच्या जोरावर बर्थाला नमवून आपले स्थान आधी परत मिळवावे. अट कठोर आहे, पण तीत लपवाछपवी नाही. लिलीचा सभ्य मित्रपरिवार मात्र तिला टाळताना हवापाण्याच्या गोष्टी करतो.

बर्था डॉर्सेटने लिलीला भूमध्य समुद्रातील आपल्या नौकेवरून माँटे कार्लो येथे सर्वांसमक्ष दूर करण्याचा प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. स्वतःचे प्रकरण झाकण्यासाठी बर्था लिलीवर संशय ढकलते. उपस्थितांपैकी बहुतेकांना सत्याचा अंदाज असतो, तरीही निर्णय बर्थाच्या बाजूने लागतो. तिच्यामागे नवऱ्याची संपत्ती आहे. लिलीमागे काही नाही. त्यानंतर मिसेस पेनिस्टन यांचा मृत्यू होतो आणि मृत्युपत्रानुसार जवळजवळ सारी मालमत्ता ग्रेस स्टेपनी या नातलग स्त्रीला, तर लिलीला केवळ दहा हजार डॉलर मिळतात. या समाजात चारित्र्याचे मूल्यमापनही जमाखर्चाच्या वहीत होते, हे या दोन घटनांतून अधोरेखित होते.

टोप्यांच्या कार्यशाळेत :
यानंतर लिलीची पायरीपायरीने घसरण होते. नवश्रीमंत गॉर्मर कुटुंब, हॉटेलात राहणारी मिसेस हॅच आणि अखेरीस मादाम रेजिना हिची टोप्या बनविण्याची कार्यशाळा, असा हा क्रम आहे. उच्चभ्रू समाजातही अनेक थर असून प्रत्येक थर आपल्या खालच्या थराकडे पाहून स्वतःची ओळख निश्चित करतो, याचे हे जणू उभे छेदचित्रच आहे.

कार्यशाळेतील प्रकरण या दृष्टीने कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मानावे लागेल. एकेकाळी टोप्यांची निवड करण्यात वाकबगार असलेल्या लिलीला टोपीच्या सांगाड्यावर टिकल्या सरळ रेषेत शिवता येत नाहीत आणि मुकादमीण तिची कानउघाडणी करते. अभिरुची आणि कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. अभिरुची फुरसतीतून येते. कौशल्य लहानपणापासून हात राबल्यावाचून येत नाही. तिच्या वर्गाने ज्याला जन्मजात नाजूकपणा म्हटले तो येथे निव्वळ अकुशलपणा ठरतो.

काम करता करता इतर मुली गप्पा मारतात. या गप्पांत ज्या श्रीमंत स्त्रियांसाठी टोप्या चालल्या आहेत त्यांची नावे, भानगडी आणि उधाऱ्या येतात. लिली ज्या जगातून बाहेर फेकली गेली ते जग या मुलींना इतके परिचित असावे, याचे तिला नवल वाटते. त्या जगात असताना मात्र तिला या मुलींची गंधवार्ताही नव्हती. ज्ञानाचा हा एकेरी प्रवाह वर्गव्यवस्थेचे एक मूलभूत लक्षण आहे. खालून वर सारे दिसते, वरून खाली काहीच दिसत नाही. किंबहुना न पाहणे हाच वर असण्याचा अर्थ आहे. हंगाम संपताच लिलीला कामावरून कमी केले जाते. आता तिच्या वाट्याला आलेली ही असुरक्षितता कार्यशाळेतील इतर मुलींच्या आयुष्यात दरवर्षी येत असते.

नेटीचे स्वयंपाकघर आणि कादंबरीची मर्यादा :
मृत्यूच्या आदल्या संध्याकाळी लिलीला नेटी स्ट्रदर ही कामगार स्त्री भेटते आणि आपल्या घरी नेते. उबदार स्वयंपाकघर, तान्हे मूल आणि भूतकाळ माहीत असूनही आपल्याशी लग्न करणाऱ्या नवऱ्याविषयी नेटीचे बोलणे लिलीला आयुष्यातील सातत्याचे प्रथमच दर्शन घडविते. वरच्या वर्गात केवळ संशयावरून लिली बहिष्कृत झाली. खालच्या वर्गात प्रत्यक्ष फसवणूक सोसलेल्या नेटीला नवा संसार मिळाला. ही तुलना लेखिकेने हेतुपुरस्सर केली आहे.

नेटी पूर्वी आजारी असताना लिलीने गर्टी फॅरिश हिच्या सेवाकार्याला दिलेल्या देणगीतून तिला डोंगराळ भागातील आरोग्यधामात पाठविण्यात आले होते. लिलीला या क्षणी आठवते की, तो पैसा मुळात गस ट्रेनॉरचा होता. ज्या पैशाने लिलीचा घात केला त्याच पैशाने नेटीचा जीव वाचविला. दानधर्माचा उगम कोठे असतो, याविषयी एवढे थेट भाष्य या कादंबरीत अन्यत्र नाही.

असे असले तरी नेटीचे चित्रण पूर्णतः समाधान देत नाही. तिचे घर हे लिलीला सांत्वन देण्यासाठी उभारल्यासारखे वाटते. घरभाडे, कामाचे तास आणि पुन्हा आजार आल्यास काय, हे प्रश्न तेथे उपस्थित होत नाहीत. नेटीच्या मुलीचे नाव मारी आंत्वानेत ठेवले जाते, कारण रंगभूमीवरील त्या राणीला पाहून तिला लिलीची आठवण झालेली असते. श्रमिक स्त्रीच्या स्वप्नातही वरच्या वर्गाचीच प्रतिमा असावी, यातील उपरोध लेखिकेला अभिप्रेत आहे. परंतु श्रमिक स्त्रियांना स्वतःचे असे काही म्हणणे असू शकते, ही शक्यता कादंबरी विचारात घेत नाही. कार्यशाळेतील मुलीही निस्तेज चेहऱ्यांचा समूह म्हणूनच येतात. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर चारच वर्षांनी, १९०९ मध्ये, न्यूयॉर्कच्या शिवणकाम व्यवसायातील हजारो तरुण स्त्रियांनी संप पुकारला आणि २५ मार्च १९११ रोजी 'ट्रँगल' कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुण स्त्रिया होत्या. इतिहासाने ज्यांना लवकरच रस्त्यावर पाहिले त्यांना कादंबरी खिडकीतून पाहते.

उच्चभ्रू समाजावरील कादंबरीकडून कामगारांचे सखोल चित्रण अपेक्षिणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. परंतु ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही. लिलीला घडविण्यासाठी किती सामान्य माणसांचा बळी गेला, हा प्रश्न कादंबरीनेच पहिल्या प्रकरणात उभा केला आहे. त्या प्रश्नाच्या कसोटीवर तिला तपासणे उचितच ठरते.

ऋण आणि फेड :
अखेरच्या दिवशी लिली बर्थाकडे जाण्यासाठी पत्रे घेऊन निघते. पण वाटेत सेल्डनच्या खोलीत थांबते आणि त्याच्या नकळत ती त्याच्याच शेकोटीत टाकते. रात्री वारशाच्या रकमेचा धनादेश येतो. ती ट्रेनॉरचे पूर्ण ऋण फेडण्याचा धनादेश लिहून ठेवते आणि झोपेसाठी घेतलेल्या क्लोरलच्या अतिरिक्त मात्रेने तिचा अंत होतो. हा शेवट अनेक अभ्यासकांना नैतिक विजयाचा वाटतो. पत्रे जाळण्याच्या कृतीपुरते ते मान्य करता येईल, कारण तेथे ती बर्थाच्या पातळीवरील सत्तेचे चलन वापरण्यास नकार देते.

धनादेशाबाबत मात्र अधिक सावधपणे बोलावे लागते. ट्रेनॉरने फसवून दिलेला आणि त्याबदल्यात तिच्या शरीरावर हक्क सांगण्यासाठी वापरलेला पैसा लिली ऋण म्हणून मान्य करते आणि आपल्या जवळजवळ साऱ्या वारशाने तो फेडते. तिने केलेल्या कामाची, लिहिलेल्या पत्रांची आणि रमविलेल्या पाहुण्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. त्या समाजाकडे तिचेही काही येणे होते, हा विचार तिला शेवटपर्यंत शिवत नाही. त्या दृष्टीने पाहता तिची प्रामाणिक कर्जफेड हा त्या वर्गाच्या हिशेबपद्धतीचाही विजय ठरतो.

सेल्डनची भूमिकाही येथे तपासून पाहण्यासारखी आहे. पैसा, दारिद्र्य आणि चिंता यांपासून मुक्त अशा आत्मिक स्वातंत्र्याचे एक प्रजासत्ताक तो लिलीपुढे मांडतो. हा आदर्श आकर्षक आहे. मात्र त्याचे नागरिकत्व मिळण्यासाठी वकिलीचे उत्पन्न, स्वतंत्र खोली आणि पुरुष असण्याची सवलत लागते. त्याच्या खोलीचा जिना मिसेस हॅफेन पुसते. तो समाजाच्या मेजवान्यांना जातो आणि त्यांच्यापासून अलिप्त असल्याचे समाधानही मिळवितो. लिलीला ट्रेनॉरच्या घरातून बाहेर पडताना पाहून तो कोणतीही विचारणा न करता निष्कर्ष काढतो, तेव्हा त्याचे प्रजासत्ताक बर्थाच्या दिवाणखान्यापेक्षा फारसे वेगळे राहत नाही.

निष्कर्ष :
व्हार्टन यांनी पुढे 'द एज ऑफ इनोसन्स' (१९२०) मध्ये १८७० च्या दशकातील जुन्या न्यूयॉर्कचे चित्रण केले व त्या कादंबरीसाठी १९२१ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला कादंबरीकार ठरल्या. तेथे वर्गाची भिंत अभंग आहे आणि तिच्याकडे पाहण्यात काहीशी हळहळही आहे. 'द हाउस ऑफ मर्थ'मध्ये त्या भिंतीला दार पाडले गेले असून दाराशी दरपत्रक लागले आहे. म्हणूनच वर्गरचनेच्या अभ्यासाच्या दृष्टीने ही आधीची कादंबरी अधिक मोलाची वाटते.

उच्चभ्रू समाज टिकतो तो केवळ संपत्तीवर नव्हे. आपल्या सुखासाठी कोण राबते हे न पाहण्याच्या सामूहिक शिस्तीवरही तो टिकतो, हे या कादंबरीतून दिसून येते. लिली ही त्या शिस्तीची लाभार्थी आहे आणि बळीही. तिचे श्रम मैत्री म्हणून खपविले जातात, मिसेस हॅफेनचे श्रम दिसतच नाहीत आणि कार्यशाळेतील मुलींचे श्रम टोपीच्या देखणेपणात विरून जातात. या तीन स्त्रियांच्या स्थितीत अंतर आहे, परंतु त्यांना जोडणारा धागा एक आहे. तो धागा लेखिकेला दिसला होता, याची साक्ष जिना, पत्रांचे पुडके आणि टिकल्या यांसारख्या तपशिलांतून मिळते. तो शेवटपर्यंत ओढण्याचे मात्र तिने टाळले, कारण ओढल्यास लिलीच्या शोकांतिकेचे एकमेवाद्वितीयत्व उरले नसते. सुंदर स्त्रीच्या मृत्यूने वाचक हळहळतो. टिकल्या सरळ रेषेत शिवणाऱ्या मुलीच्या जगण्याकडे त्याचे लक्ष जात नाही. सेल्डनच्या मनात क्षणभर येऊन गेलेला तो प्रश्न त्यामुळे कादंबरीच्या अखेरीस वाचकाकडे येतो आणि अनुत्तरितच राहतो.